पडीच्या सफरचंदांचं काय करायचं: बागेतल्या एका वर्षाच्या नोंदी

बाग घरची आहे. २१० झाडं, बहुतेक रेड डिलिशस, वय पंचविशीच्या पुढचं. कामाला बाबा, दादा, वहिनी आणि मी. आई हिशेब आणि स्वयंपाकघर सांभाळते, आणि खरं तर आम्हा सगळ्यांना. दरवर्षी प्रतवारीत बाजूला पडणारा माल (मार लागलेला, खपलीचा, लहान, पडीचा) मिळेल त्या भावाने जातो. त्यातून रस, चकत्या, व्हिनेगर काढायचं ठरवलं. दुसरं कुणी याच वाटेला लागलं तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी. खर्च पैशांत लिहीत नाही, क्रेटमध्ये लिहिते. भाव दरवर्षी बदलतो, क्रेट १८ किलोचाच राहतो.

११ जानेवारी
छाटणी सुरू. दादा वरच्या उतारावर, मी खालच्या सपाटीवर. सोबत कलमकाड्याही काढल्या. त्याचं कारण असं: रेड डिलिशसला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यासाठी बागेत गोल्डन डिलिशसची १८ झाडं होती, गेल्या पाच वर्षांत त्यातली ७ मुळकुजीने गेली. खालच्या भागात फळधारणा कमी होतेय हे सगळ्यांना दिसत होतं, पण दोष हवामानाला देत बसलो. नवीन रोपं लावली तर फुलायला चार-पाच वर्षं. त्यापेक्षा जुन्या रेडच्याच फांद्यांवर गोल्डन आणि क्रॅब ॲपलची (लहान, आंबट फळांचं रानटी सफरचंद) कलमं बांधायची.

काड्या गेल्या वर्षीच्या वाढीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड. एकूण ३२. सोळा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात. बाकीच्यांना आईने फ्रिजमध्ये जागा दिली नाही, म्हणून त्या शेडच्या उत्तरेच्या भिंतीला ओल्या भुशात पुरल्या. फ्रिजमधल्यांना लाल दोरा, भुशातल्यांना निळा. दोरे फक्त मोजणीच्या सोयीसाठी बांधले होते.

२ फेब्रुवारी
रस काढायचं दाबयंत्र आणि फळ किसायचं यंत्र, दोन्ही जुनी, एकत्र मिळाली. खर्च ७० क्रेट. बाबा यंत्राभोवती एक फेरी मारून न बोलता आत गेले. दादा म्हणाला, "दोन वर्षांत वसूल."

लाकडी पट्ट्यांवर कसलासा जुना रंग होता. घासून काढायला तीन दिवस गेले आणि चार पट्ट्या तरीही बदलाव्या लागल्या. जुनं यंत्र घेणाऱ्याने आधी फळाला जिथे जिथे स्पर्श होतो ते भाग बघावेत, मग मोटर. आम्ही उलटं केलं.

७ एप्रिल
साल सुटायला लागली तशी कलमं बांधली. फांदी कापायची, सालीला उभी चीर द्यायची, तासलेली काडी सालीखाली सरकवायची, पट्टीने आवळायचं आणि उघड्या जखमेवर कलममेण. दादा कापत होता, मी तासत होते. तासलेला भाग एका झटक्यात सपाट आला पाहिजे. दोनदा तासला की पोट निघतं आणि साल-गाभ्याच्या मधला हिरवा थर एकमेकांना भिडत नाही. पहिली सहा माझ्याकडून पोटाचीच झाली. बत्तीस संपायला दोन दिवस.

१४ एप्रिल
दहातलं एखादं फूल उघडलं तेव्हा मधमाश्यांच्या चार पेट्या आणल्या. गेल्या वर्षी आठवडाभर आधी आणल्या होत्या, तर माश्यांनी बांधावरच्या रानफुलांची वाट धरली आणि सफरचंद फुललं तरी ती सोडली नाही.

कलमं फुलायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तोवरचा उपाय म्हणून क्रॅब ॲपलच्या फुललेल्या फांद्या कापून पाण्याच्या बादल्यांत घातल्या आणि खालच्या भागात दर सहा झाडांमागे एक बादली ठेवली. रोज पाणी बदलावं लागतं. बागेत लग्न असल्यासारखं दिसतंय, असं वहिनी म्हणाली.

१८ एप्रिल
पहाटे ४:४० ला पारा उणे २.५. पूर्ण फुलोरा.

तुषार सिंचनाचं पाणी खालच्या ४० झाडांपर्यंतच पोहोचतं. पाणी फुलावर गोठताना उष्णता सोडतं, तेवढ्यावर फूल तगतं. पण आम्ही पारा उणे १ वर गेल्यावर पंप सुरू केला. हवा कोरडी होती. पाणी सुरू केल्या केल्या पारा आधी आणखी खाली गेला, कारण सुरुवातीचं पाणी गोठायच्या ऐवजी उडून जात होतं आणि जाताना गारवा करत होतं. ती दहा-पंधरा मिनिटं फार वाईट गेली. दादा बंद करायला धावला, बाबांनी हात धरून थांबवलं. पंप शून्याच्या वर असतानाच सुरू करायला हवा होता. एकदा सुरू केला की झाडावरचा बर्फ आपसूक गळायला लागेपर्यंत बंद करायचा नाही. आम्ही ९ वाजता केला.

दुपारी फुलं चिरून मोजली. फूल वरून पांढरंशुभ्र, टवटवीत, पाकळीला डाग नाही. नखाने मधोमध चिरलं की आत स्त्रीकेसर काळा, काडेपेटीतल्या जळक्या काडीच्या टोकासारखा. पाणी पोहोचलेल्या झाडांवर ५० पैकी १९ काळी, न पोहोचलेल्या सखल कोपऱ्यात ५० पैकी ३८, वरच्या उतारावर फक्त ५. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खाली साचते. खालच्या कुंपणाची गच्च झुडपं तिला अडवतात, आणि ती आम्हीच लावली आहेत.

६ मे
कलमांची मोजणी. निळा दोरा: १६ पैकी १३ फुटली. लाल दोरा: १६ पैकी ३.

आधी मला माझं तासणं आठवलं, पण पोटाची सहा कलमं दोन्ही रंगांत सारखी वाटली गेली होती. मग आई फ्रिज उघडून म्हणाली, "तुझ्या काड्यांच्या वरच्या खणात महिनोन् महिने काय होतं?" सफरचंदं होती. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्यात काडीवरचे झोपलेले डोळे (कळ्या) मरतात. काड्या वरून हिरव्या, डोळे मेलेले. सफरचंदाच्या काड्या सफरचंदानेच मारल्या. काड्या फ्रिजमध्ये ठेवायच्या तर तिथे एकही फळ नको.

फुटलेल्या तेरांतलं एक पक्षी बसून मोडलं. आता प्रत्येक कलमाशेजारी त्याच्यापेक्षा उंच काठी बांधली आहे, पक्ष्यांना बसायला.

१८ जून
आज विरळणी (घोसातली जादा फळं तोडणं) संपली. हे वाक्य २० मेच्या नोंदीत असायला हवं होतं.

कडाक्याने खालचा माल गेला, त्यामुळे वरच्या उतारावर घोसाला चार-चार, पाच-पाच फळं लागलेली बघून बाबांना एकही तोडवेना. "अर्धं थंडीने नेलं, उरलेलं तुम्ही न्या," म्हणाले. घोसात एकच फळ आणि दोन फळांत वीतभर अंतर हे त्यांनीच आम्हाला शिकवलंय. चार आठवडे आम्ही कुणीच विषय काढला नाही. मग फळं एकमेकांना घासून डाग पडायला लागले, दोन फांद्या मोडल्या, तेव्हा स्वतःच टोपली घेऊन निघाले.

उशिरा केल्याने यंदाच्या फळाचा आकार थोडाफार वाढेल. पण पुढच्या वर्षीच्या फळकळ्या फुलोऱ्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांतच ठरतात, आणि झाडावर बियांचं ओझं असलं की त्या धरत नाहीत. तो काळ गेला.

जुलै
टेकू, पाणी, गवत. लिहिण्यासारखं काही नाही.

९ ऑगस्ट
वाऱ्याने पडलेल्या कच्च्या फळांवर दाबयंत्राची चाचणी. तीन क्रेटमधून २६ लिटर. रस आंबट, पिठूळ, मापकावर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप, टक्क्यांत) ८. कच्च्या फळात साखरेऐवजी पिष्ट असतं, त्याला यंत्र काय करणार? ओतून दिला. चाचणीचा फायदा एवढाच की चोथ्याच्या पिशव्यांची शिवण कुठे उसवते ते कळलं.

एक वाद इथेच मिटवला. बाबांचं म्हणणं, सडका भाग कापून उरलेलं फळ किसात घालू. मी नाही म्हटलं. सडलेल्या सफरचंदातल्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष उतरतं, ते डोळ्यांना दिसणाऱ्या सडीच्या पलीकडेही पसरलेलं असतं आणि रस तापवून जात नाही. मार लागलेलं फळ चालेल, सडलेलं नाही. आणि जिथे गुरं चरतात तिथलं जमिनीवरचं फळ रसाला मुळीच नाही. बाबा म्हणाले, "मग पडीचं काय करायचं म्हणून हे सगळं सुरू केलं, त्यातलं अर्धं तर तू फेकतेस." मुद्दा बरोबर आहे. यंत्र घेण्याआधी हा हिशेब करायला हवा होता.

१२ सप्टेंबर
आयोडीनची चाचणी. फळ आडवं कापून द्रावण लावलं, पिष्ट असेल तिथे ते काळंनिळं होतं. चार दिवसांपूर्वी सगळी चकती काळीनिळी झाली होती, आज मधला भाग पांढरा राहिला. बिया तपकिरी. तोडणी सुरू.

१५ सप्टेंबर
दिवसभर तोडणी, संध्याकाळी सहापासून रस. फळ धुणं, निवडणं, किसणं, कापडात थर लावणं, दाबणं, बाटल्या, मग सगळं धुणं. ५ क्रेटमधून ५२ लिटर, ब्रिक्स १२. रंग सुरेख. रात्री ११:३० ला झोपलो. बाटल्या भरून गरम पाण्यात ठेवल्या, पाणी ७५ अंशांवर आलं की २० मिनिटं. ४८ बाटल्या झाल्या, उरलेला आम्हीच प्यायलो. दादा प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून बघत होता.

२३ सप्टेंबर
या नोंदीसाठी बाकीच्या नोंदी लिहिल्या असं म्हटलं तरी चालेल.

तोडणी नऊ दिवसांत संपायची, ती बारा दिवस चालूनही वरचा उतार राहिलाच. रात्री यंत्रावर उभे राहणारे दोघे सकाळी शिडीवर अर्ध्या वेगाने चढतात, एवढंच त्याचं कारण. काल रात्री वारा सुटला. फळ पूर्ण पिकलेलं, देठ सैल. रात्रभर घरात झोपून आवाज ऐकत होतो. उतारावर एक फळ सुटलं की खालच्या दोघांना घेऊन घरंगळत जातं.

सकाळी ४२ क्रेट जमिनीवर. सगळा पहिल्या प्रतीचा माल, आता मार लागलेला. म्हणजे पडीचा माल खपवायला निघालो आणि आम्हीच पडीचा माल तयार केला. ५ क्रेटच्या रसापायी ४२ क्रेट.

कुणी कुणाला काही बोललं नाही. आईने चहा खाली बागेतच आणून दिला.

२४ सप्टेंबर
सकाळी शेडमध्ये आवाज. एका बाटलीचं झाकण छताला. ४८ पैकी १४ बाटल्या फसफसताहेत.

आम्ही पाण्याचं तापमान बघत होतो, रसाचं नाही. वहिनीने आज मधल्या बाटलीत तापमापक घालून तोच प्रकार पुन्हा केला: बाहेर पाणी ७५ झालं तेव्हा मधल्या बाटलीतला रस ६१. कडेच्या बाटल्या टिकल्या, मधल्या आंबल्या. तापमापक मधल्या बाटलीत ठेवायचा आणि तिथे ७५ आल्यावर वेळ मोजायला सुरुवात करायची.

बाबा म्हणाले, "आंबलाच आहे ना, मग व्हिनेगर होईल." चौदा बाटल्या एका कॅनमध्ये ओतल्या, झाकण घट्ट लावलं.

२६ सप्टेंबर
पडलेल्या ४२ मधले ३० धड क्रेट शीतखोलीत, ०-१ अंशावर. बटाट्यांपासून लांब. उरलेल्यांपैकी ६ क्रेटचा रस व्हिनेगरसाठी, ३० लिटरच्या दोन कॅनमध्ये. यीस्ट घातलं, तोंडाला पाण्याची बुडबुडा झडप, म्हणजे आतला वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. घनता १.०४७ (पाण्याची १.०००, साखर जितकी जास्त तितकी वर). शिल्लक ६ क्रेट खतात.

३ ऑक्टोबर
चकत्या. थोडक्यात: घाई म्हणून यंत्र ७५ अंशांवर लावलं. बाहेरून कडक, आतून ओल्या. बरणीत बाराव्या दिवशी बुरशी धरली (हे वाक्य नंतर जोडलं). दुसऱ्या खेपेला अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या, ५७ अंश, ९ तास. मग आठवडाभर बरणी रोज हलवून बघायची, काचेवर दव धरलं तर पुन्हा यंत्रात. १० किलो फळाच्या सव्वा किलो. घरच्यांनीच संपवल्या. विकायला ठेवण्याइतक्या करायच्या तर एक माणूस कायमचा सोलायला बसवावा लागेल.

१७ ऑक्टोबर
चौदा बाटल्यांचा कॅन उघडला. वर सुरकुत्या पडलेली पांढरी साय, वास नेलपॉलिशचा. फेकला. आंबलेला रस आपोआप व्हिनेगर होत नाही. आधी हवा बंद ठेवून सगळ्या साखरेचं मद्य होऊ द्यायचं, मग हवा मोकळी करून मद्याचं आम्ल. आम्ही दोन्हींची खिचडी केली होती.

यीस्टवाल्या कॅनमध्ये घनता १.०००, म्हणजे साखर संपली. गाळ तळाशी ठेवून वरचा रस रुंद तोंडाच्या दोन पिंपांत घेतला, दर पाच भागांत एक भाग न तापवलेलं जिवंत व्हिनेगर घातलं, वर दुहेरी कापड. पहिल्या दिवशी साधी जाळी बांधली होती, तीतून चिलटं आरपार जात होती. पंचाचं घट्ट विणीचं कापड लागतं.

९ नोव्हेंबर
दोन्ही पिंपांवर साय धरली आहे, या वेळची पातळ, गुळगुळीत, चकचकीत. वास योग्य.

एका पिंपाच्या नळाखाली हिरवट ओघळ. नळ पितळी. आम्ल पितळेतलं तांबं विरघळवतं. ३० लिटर मोरीत गेलं. पिंप घेताना नळ बघितला होता, गळतो का एवढंच.

पानगळ जवळ आलीय. झाडावरच्या पानांवर ५ टक्के युरिया फवारला, म्हणजे पडलेली पानं लवकर कुजतील. स्कॅबची (खपलीची) बुरशी हिवाळा त्याच पानांत काढते.

३० नोव्हेंबर
वहिनीने कॉलेजातलं रसायनशास्त्र बाहेर काढलं. १० मिलि व्हिनेगर, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब (आम्ल संपलं की गुलाबी होतं), वरून ०.५ नॉर्मल तीव्रतेचा कॉस्टिक सोडा, गुलाबी रंग टिकेपर्यंत. जितके मिलि लागले त्याला ०.३ ने गुणलं की आम्लाची टक्केवारी. ९.२ मिलि, म्हणजे २.८ टक्के. कमी. शेडमध्ये ११ अंश होते, या थंडीत जिवाणू काम करत नाहीत. पिंप स्वयंपाकघरात हलवलं. आईची अट: मार्चनंतर दिसता कामा नये.

७ डिसेंबर
शीतखोलीतले ३० क्रेट काढले. चार क्रेट सडले, बाकी उत्तम. २६ क्रेटमधून २७५ लिटर, ब्रिक्स १३.५. सप्टेंबरच्या रसापेक्षा गोड, कारण उरलंसुरलं पिष्ट साखर झालं होतं. बागेत काम नाही, चौघे मोकळे, सकाळी दहाला सुरू करून तीन दिवस रमतगमत. तापमापक मधल्या बाटलीत. एकही बाटली फसफसली नाही.

दाबयंत्र सप्टेंबरमध्ये चालवायचं नाही, हे दादाने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.

६ जानेवारी
व्हिनेगर १५.१ मिलि, ४.५ टक्के. गाळून बाटल्यांत, काठोकाठ, हवा न ठेवता. ३१ लिटर. वर्षाचा हिशेब आईने केला: यंत्रं ७० क्रेट, वाऱ्यात पडलेले ४२, चुकांत गेलेला रस साधारण ८. परत आलं ते विकलेल्या बाटल्यांच्या हिशेबाने अंदाजे ६० क्रेटचं. दादाचं "दोन वर्षांत वसूल" आता तो चार म्हणतो.

चोथ्याच्या ढिगाशी सप्टेंबरात टाकलेल्या बिया आहेत, थंडी खाऊन वसंतात उगवतील. बाबांना ती रोपं ठेवायची आहेत. बीचं झाड आईवर जात नाही, हजारात एखादंच खाण्यालायक निघतं. पण ग्रॅनी स्मिथ ही जातही ऑस्ट्रेलियात १८६०च्या दशकात मारिया ॲन स्मिथ यांच्या आवारात अशीच आपसूक उगवली होती, हे बाबांना माहीत आहे आणि ते दर दोन दिवसांनी सांगतात. दहा रोपांवर तडजोड झाली.

१२ जानेवारी
पुन्हा छाटणी. वरच्या उतारावरच्या फांद्या हातात घेऊन कळ्या बघितल्या. फळकळी गुबगुबीत, लवदार असते. पानकळी बारीक, टोकदार, फांदीला चिकटलेली. पहिल्या दहा झाडांवर शंभरात वीस-बावीस फळकळ्या. खालच्या भागात, जिथे कडाक्याने फळच उरलं नव्हतं, तिथे शंभरात सत्तर.

बाबांनी एक टोकदार कळी नखाने खुडली, उघडून बघितली, खिशात टाकली. "जूनमधली," एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे गेले.

वरच्या उताराची छाटणी हलक्या हाताने करायची ठरलं, असलेली फळकळी वाया नको. खालच्या कुंपणातली झुडपं उद्या निम्मी तोडायची, थंड हवेला वाट. नव्या काड्या २४ काढल्या, सगळ्या भुशात.